अटकेआधीची फाईल

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेत हद्दपारीच्या टांगत्या तलवारीखाली राहणाऱ्या कुटुंबांसाठी काम करायला निघाली आहेस, तर कायद्याची कलमं सावकाश वाच. आधी घरटी एक फाईल बांधायला शीक.

फाईलमध्ये सगळ्यात वर ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला नोंदणी क्रमांक. तो वर्क परमिटवर किंवा कोर्टाच्या नोटिशीवर असतो. ‘ए’पुढे नऊ आकडे लागतात, कमी असतील तर सुरुवातीला शून्यं घाल. पकडलेला माणूस कुठे ठेवलाय, ते हा नंबर आणि जन्मदेश टाकून आयसीईच्या, म्हणजे पकडून हद्दपार करणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर शोधतात. नंबर नसेल तर नाव नोंदीतल्यासारखंच हवं, आणि आपल्या लोकांचं घोडं तिथेच अडतं. मधे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, त्यात चार कागदांवर चार स्पेलिंगं. ती सगळी एका कागदावर उतरवून ठेव. १८ वर्षांखालची मुलं मात्र त्या यादीत सापडतच नाहीत.

नोंदीचा घोळ किती महाग पडतो ते २०१८ मध्ये दिसलं. मेक्सिकोच्या सीमेवर सरकारने कुटुंबांची ताटातूट केली: आईबाप एका खात्याच्या ताब्यात, मुलं दुसऱ्या. कोणाचं मूल कोणतं याचा एकत्र हिशेबच नव्हता. न्यायाधीश डॅना सॅब्रॉ यांनी २६ जूनला पाचाच्या आतली मुलं १४ दिवसांत आणि बाकीची ३० दिवसांत परत द्यायला सांगितलं. बऱ्याच मुलांच्या बाबतीत ती मुदत टळली.

मग मुलांचे पासपोर्ट. अमेरिकेत जन्मलेल्या १६ वर्षांखालच्या मुलासाठी आईवडील दोघंही हजर लागतात. एकजण येऊ शकत नसेल तर त्याची नोटरीसमोर सही केलेली संमती, म्हणजे डीएस-३०५३, आणि ती तीनच महिने चालते. कोठडीत नोटरी मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून संमतिपत्र करून ठेवण्यापेक्षा दोघं बाहेर आहेत तोवर पासपोर्टच काढून घ्यायला लाव. शाळेतून मूल कोण घेऊन जाईल, ती नावंही आत्ताच बदलून घे.

आणि हो, तिथला नोटरी वकील असेलच असं नाही. आपल्याकडच्या सवयीने लोक त्याच्याकडून अर्ज भरून घेतात आणि फसतात.

पत्ता बदलला की दोन फॉर्म: कोर्टाला ईओआयआर-३३ पाच दिवसांत, इमिग्रेशन खात्याला एआर-११ दहा दिवसांत. लोक फक्त एआर-११ भरतात, कोर्टाचा राहून जातो. मग नोटीस जुन्या दारावर पडते, तारीख चुकते आणि गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम निघतो. नव्या घरी गेलीस की पहिला प्रश्न हाच विचार: इथे राहायला कधी आलात?