परजीवीशास्त्र निवडू पाहणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षासाठी परजीवीशास्त्र हा विशेष विषय घ्यावा की नाही, असे तू विचारले आहेस. जीवनचक्रांच्या आकृत्या पाठ करायच्या आणि परीक्षेत जशाच्या तशा उतरवायच्या, एवढ्यावरच हा विषय संपतो की काय, ही तुझी शंका रास्त आहे, कारण बऱ्याच ठिकाणी तो तसाच शिकवला जातो. तरीही तू तो घ्यावास असे माझे मत आहे. मात्र त्या आकृत्या वाचण्याची रीत पहिल्या दिवसापासून बदलावी लागेल.

आकृतीतील बाणांकडे आपण सहसा पाहतच नाही, आपले लक्ष अंडी आणि अळ्या यांच्या चित्रांवर असते. वास्तविक परजीवी एका देहातून दुसऱ्या देहात कोठे, केव्हा आणि माणसाच्या कोणत्या सवयीमुळे जातो, हे त्या बाणांतच दडलेले असते. डुकराच्या कच्च्या मांसातील अळी पोटात गेली तर आतड्यात फितीसारखा लांब पट्टकृमी वाढतो; त्याच पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत पुटी, म्हणजे अळीची द्रवाने भरलेली पिशवी, तयार होऊन फिट येऊ शकते. ही अंडी मांसात नसतात, ती माणसाच्या विष्ठेतून हातांवर, पाण्यात आणि भाजीपाल्यावर येतात. म्हणून जन्मात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो. दोन बाणांतला हा फरक ज्याला समजला, त्याला ती आकृती पुन्हा पाठ करावी लागत नाही.

आपल्याच मुलखातले एक उदाहरण मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो आहे. मूत्रमार्गाचा शिस्टोसोमियासिस हा मुख्यतः आफ्रिकेतील आणि मध्यपूर्वेतील रोग आहे. त्याच्या परजीवीला, म्हणजे शिस्टोसोमा या रक्तातील चपट्या कृमीला, तेथे ब्युलिनस जातीच्या गोड्या पाण्यातील गोगलगायी लागतात. असे असताना रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाणारे रुग्ण आढळले, आणि गाडगीळ व शहा यांनी 1952 मध्ये या स्थानिक केंद्राची माहिती प्रसिद्ध केली. येथे मध्यस्थ यजमान म्हणून, म्हणजे परजीवीची मधली अवस्था जिच्या देहात वाढते अशी, जी गोगलगाय पुढे आली ती फेरिसिया टेनुइस, टोपीच्या आकाराचा इवलासा शंख असलेली, शोधणाऱ्याच्याही नजरेतून सहज सुटणारी. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याला रुग्णाची लघवी तपासून थांबता आले नसते. लोक कोणत्या पाण्यात उतरतात आणि त्या पाण्यात कोणते मृदुकाय प्राणी राहतात, हेही पाहावे लागले असते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याची जागा नेमकी तेथे असते. डॉक्टर रुग्णाला बरे करील, पण ओढ्यातील गोगलगाय ओळखणारा माणूस त्याच्या रुग्णालयात क्वचितच सापडेल.

वेळेचेही तसेच आहे. शिस्टोसोमाच्या याच प्रकाराची अंडी लघवीत दुपारच्या सुमारास सर्वाधिक सापडतात. उलट हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या आपल्याकडे रात्री रक्तात उतरतात, कारण त्यांचा वाहक असलेला क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणूनच विदर्भातील गावांमध्ये आरोग्य कर्मचारी रक्तनमुने घ्यायला रात्री जातात. दिवसा घेतलेला नमुना स्वच्छ दिसला म्हणून माणूस निरोगी ठरत नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर दिनांकाबरोबर वेळ लिहिण्याची सवय आत्तापासूनच लावून घे.

बाण नेमका कोठे तोडता येतो हे कळले तर औषधाशिवायही रोग हटवता येतो. त्वचेतून दोऱ्यासारखा लांब कृमी बाहेर येतो त्या नारू रोगावर लस नव्हती आणि परिणामकारक औषधही नव्हते. परंतु त्याची अळी पाण्यातील सायक्लॉप्स या इवल्याशा कवचधारी जीवामधून पोटात जाते हे माहीत होते, म्हणून पाणी कापडातून गाळणे, पायविहिरी बंद करणे किंवा त्यांची रचना बदलणे आणि पाण्यात सायक्लॉप्सना मारणारे टेमेफॉस हे रसायन टाकणे या उपायांवर भर दिला गेला. भारतातील शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला.

आता सूक्ष्मदर्शकाविषयी. पहिल्या सहा महिन्यांत शक्य तितक्या काचपट्ट्या स्वतः तयार कर, स्वतः रंगव, आणि जे दिसेल ते हाताने काढून त्याचे माप लिही. मोबाइलने फोटो काढणे सोपे आहे, पण चित्र काढताना जितके बारकाईने पाहावे लागते तितके फोटो काढताना पाहावे लागत नाही. विष्ठेच्या नमुन्यातील परागकण कृमीच्या अंड्यासारखा वाटतो, तांबड्या पेशीवर बसलेली रक्तपट्टिका (रक्त गोठवणारी सूक्ष्म पेशी) हिवतापाच्या परजीवीसारखी भासते. हे भेद पुस्तकातील रंगीत चित्रांवरून येत नाहीत. मात्र सूक्ष्मदर्शकाचीही मर्यादा आहे. आमांशाचा एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एन्टामिबा डिस्पार यांच्या पुटी, म्हणजे कवचातल्या सुप्त अवस्था, सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या ओळखता येत नाहीत. अशा वेळी बहुधा पीसीआरसारखी जनुकीय तपासणी करावी लागते. ती तू शिकलीच पाहिजेस. परंतु केवळ ती शिकून थांबलेल्या तरुणांना हाती आलेला नमुना कशाचा आहे हे सांगता येत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे, आणि याबाबत माझे मत जरा कठोर आहे.

पशुवैद्यक महाविद्यालयातील परजीवीशास्त्र विभागाशी ओळख वाढव. कृमी, गोचीड आणि म्हशीच्या यकृतातील फॅसिओला हा चपटा कृमी यांच्याशी त्या लोकांचा संबंध रोजचा असतो, आणि तेथील ग्रंथही बहुधा अधिक उपयोगी पडतात.

प्रबंधिकेचा विषय ठरवण्यापूर्वी मार्गदर्शकांना स्पष्ट विचार की नमुने कोठून आणि कोणत्या ऋतूत मिळणार आहेत, आणि ते माणसांचे असल्यास नीतिशास्त्र समितीची परवानगी कोण आणि केव्हा घेणार आहे. उत्तरे मिळाली की विषयाचे टिपण मला पाठव. गोगलगायींवर काम करण्याचा विचार पक्का असेल तर ते पावसाळ्यापूर्वी येऊ दे, म्हणजे नमुने गोळा करण्याचे वेळापत्रक त्यात आधीच बसवता येईल.

तुझा,
एक जुना शिक्षक