पेटी घ्यावी का पिशवी? औजारं ठेवायच्या जागेबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच गोष्टीवर आली, औजारं ठेवायची कुठं आणि कशात. पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न येतोच. त्यातले चार घेतले आहेत, नावं दिली नाहीत, तालुके तेवढे दिले.

प्रश्न : मी मोटरपंप दुरुस्तीची कामं करतो, गाडीवरून गावोगाव जातो. पाच कप्प्यांची लोखंडी पेटी घ्यायचं मनात आहे पण दोस्त म्हणतो पिशवी घे. काय घेऊ? (दारव्हा तालुका, यवतमाळ)

दोस्ताचं ऐका भाऊ. ती पेटी वाईट नाही, दुकानात टेबलावर ठेवून काम करणाऱ्यासाठी मस्तच आहे, पण ती दोन्ही बाजूंनी उघडते आणि तिला सपाट जागा लागते, आणि तुमचं काम चालतं विहिरीच्या काठावर नाहीतर धुऱ्यावर चिखलात, तिथं ती उघडायची कुठं? वरून रिकामी पेटीच जड, त्यात पाईप पाना आणि हातोडी टाकली की एका हातानं उचलवत नाही. कॅरिअरला दोरीनं बांधून कच्च्या रस्त्यानं नेली तर आतलं सगळं एकमेकांवर आपटत राहते, कप्प्यांचे रिव्हेट ढिले होतात, आणि मग एक कप्पा अर्धा उघडून अडकून बसतो.

जाड कॅनव्हासची, तोंडाला लोखंडी फ्रेम असलेली पिशवी घ्या, म्हणजे उघडली की तोंड उघडंच राहते आणि एका हातात वायर धरून दुसऱ्या हातानं पाना काढता येतो. तळ कडक प्लॅस्टिकचा किंवा रबराचा पाहिजे, कापडी तळ ओल्या मातीत ठेवला की खालून ओल वर चढते. पाईप पाना तळाला आडवा, पक्कड-पेचकस बाहेरच्या खिशात. मल्टिमीटर मात्र हातोडीच्या शेजारी नको, त्याला झाकणाचा वेगळा डबा करा, जेवणाचा जुना डबाही चालते. पिशवी हँडलला लटकवू नका, मागच्या सीटवर मधोमध बांधा.

अजून एक, सगळा सेट घेऊन फिरायची गरज नसते. मोटरच्या फिटिंगला जास्त करून 8, 10 आणि 12 एमएमचे बोल्ट असतात, त्यांची डोकी साधारण 13, 17 आणि 19 ची, म्हणजे 12-13, 16-17 आणि 18-19 हे तीन पाने जवळ असले की बरंच काम निघते. 30-32 सारखे मोठे पाने घरीच राहू द्या. पान्यांसाठी गावातल्या टेलरकडून जुन्या जीन्सची गुंडाळी शिवून घ्या, प्रत्येक पान्याला वेगळा खण आणि बांधायला नाडी. काम झालं की गुंडाळी पसरायची, एक खण रिकामा दिसला की पाना अजून विहिरीवरच आहे हे गाडीला किक मारायच्या आधीच कळते. बाजारातल्या कोणत्याच पेटीत मला ही सोय दिसली नाही, आणि खर्च म्हणाल तर नुसती शिलाई.

तरी पेटी घ्यायचीच असेल तर ती घरी ठेवायला घ्या आणि घेताना पत्र्याचा गेज विचारा. आकडा वाढला की पत्रा पातळ. 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, 24 गेज म्हणजे 0.56 च्या आसपास. दुकानदाराला गेज सांगता आला नाही तर झाकणाच्या मधोमध अंगठा दाबून पाहा, पत्रा आत जाऊन टक्क वाजला तर राहू द्या.

प्रश्न : वावरातल्या टिनाच्या खोलीत लोखंडी ट्रंक आहे. कुलूप असते, पाणी अजिबात जात नाही, तरी दिवाळीला उघडली की सगळं गंजलेलं. असं काहून होते? (मूल तालुका, चंद्रपूर)

पाणी जायची गरजच नाही दादा, हवा गेली तरी बस आहे. हवेतला दमटपणा साधारण 60 टक्क्यांच्या वर गेला की लोखंड गंजायला सुरुवात होते, आणि आपल्याकडे, त्यातही पूर्व विदर्भात धानाच्या पट्ट्यात, पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. ट्रंक बंद केली तेव्हा आत जी ओली हवा होती ती तिथंच कोंडली. पावसाळा सरता सरता रात्री थंड व्हायला लागल्या की पत्रा आधी गार पडतो आणि त्या हवेतलं पाणी झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते, सकाळी तेच खाली टपकते. तुम्ही म्हणता पाणी आत जात नाही, खरं आहे, पण आत झालेलं पाणी बाहेरही जात नाही ना.

आता ट्रंकेच्या तळाला काय अंथरलं आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी पोतं नाहीतर स्पंज असते, औजारं आपटू नयेत म्हणून. ते उचलून पाहा, खालचे कोपरे तांबडे झालेले दिसतील आणि गंजाचा भुगा बोटाला लागेल, कारण पोतं ओल धरून ठेवते आणि औजार त्यावरच झोपलेलं असते. पोतं काढून टाका. त्याजागी प्लॅस्टिकची भोकांची जाळी टाका, तळाला दोन कोपऱ्यांत 5 एमएमची भोकं पाडा, आणि ट्रंक विटांवर किंवा लाकडी पाटावर जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. उंच ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे विंचू. जमिनीला टेकलेल्या ट्रंकेखाली हात घालायची वेळच येऊ नये.

आणि खोलीत शेजारी काय ठेवता? खताच्या थैल्या असतील तर निम्मं उत्तर तिथंच आहे. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो, पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि ते मिठासारखंच लोखंड खाते. फुटलेल्या थैलीतले दाणे उडून फावड्यावर बसले तर तेलाचा हात मारलेला असला तरी फार टिकत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावत असाल तर तीही दूर न्या. संडास धुवायच्या ॲसिडची बाटली तर औजारांच्या खोलीत ठेवूच नका, बूच जरा ढिलं राहिलं की शेजारचं सगळं लोखंड लाल होते, अन माणसाला वाटते पावसानं झालं.

कीटकनाशकाचे रिकामे डबे खिळे-बोल्ट ठेवायला वापरता का हे तुम्ही लिहिलं नाही, पण वापरत असाल तर आजच बंद करा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, तरी ते डबे धुऊन वापरायची सवय गेलेली नाही. धुतलेला डबाही नको. खिळ्यांना बिस्किटाची बरणी पुरते.

औजारं आत ठेवायच्या आधी माती खरडून, पुसून, उन्हात तासभर ठेवायची आणि मग मशीन ऑइलचा पातळ हात. घरातलं गोडं तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. दसऱ्याला मात्र आपण उलटं करतो, खंडेनवमीला औजारं धुतो, हळदकुंकू लावतो आणि तशीच ओली ठेवून देतो. पूजा जोरात करा, पण दुसऱ्या दिवशी कोरडं फडकं फिरवा. आणि पाऊस उघडला, चांगलं ऊन पडलं की ट्रंकेचं झाकण दुपारभर उघडं टाका, सालदाराला सांगून ठेवा म्हणजे राहून जाणार नाही.

प्रश्न : घरी इळे, कुऱ्हाड, टिकास सगळं कोठ्यात कोपऱ्यात उभं असते. लहान मुलं आहेत, मला भीती वाटते. कपाट घ्यावं का? (आर्वी तालुका, वर्धा)

कपाट नको ताई. लांब दांड्याची औजारं कपाटात मावत नाहीत, मावली तरी ओली आत जातात. भिंतीला आडवी सागवानी पट्टी ठोका आणि त्यावर जोडीजोडीनं खुट्या मारा, दोन खुट्यांच्या मधे दांडा आणि पातं वरती. फावडं, टिकास, सब्बल अशी जड औजारं खालच्या पट्टीवर, इळे आणि कुऱ्हाड वरच्या पट्टीवर, मोठ्या माणसानं हात वर केला की पुरेल एवढ्या उंचीवर. इळ्याच्या धारेवर जुन्या ट्यूबचा चिरलेला तुकडा चढवा, कुऱ्हाडीलाही तसंच. पट्टी मातीच्या भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर फट ठेवा म्हणजे उधई आली तर दिसते. प्रत्येक खुटीखाली खडूनं औजाराचा आकार काढला तर कोणतं जागेवर नाही ते मुलंच ओरडून सांगतात.

प्रश्न : वडील सुतारकाम करायचे. रंधे, पटाश्या, कानशी एका डब्यात पडून आहेत. सगळ्यांना जवसाचं तेल लावून ठेवलं तर चालेल का? (मोर्शी तालुका, अमरावती)

मुठींना आणि रंध्याच्या लाकडाला लावा, छान बसते, पण पातळ हात आणि जास्तीचं पुसून काढायचं. पात्यांना नको, जवसाचं तेल सुकून पापडी धरते, तिथं मशीन ऑइलच. कानशीला कोणतंच तेल नको, घसरते आणि दातात भुसा बसतो. कानशी एकमेकींना घासून बोथट होतात म्हणून प्रत्येकीला पीव्हीसी पाईपचा वेगळा तुकडा द्या. पटाश्यांना कापडी गुंडाळी चालते. रंध्याचं पातं आत ओढून घ्या आणि रंधा कुशीवर ठेवा.

आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. तेल सुकताना ऊब धरते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकते, आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तर जास्तच. दोरीवर पसरून वाळवा, कडक झालं की मग फेका.