प्राथमिकच्या वर्गात गणित-विज्ञान शिकवताना चित्रकला, हस्तकला कशी आणावी? अभ्यासक्रम मागे न पडता हे जमतं का?

जमतं, पण एक गोष्ट आधी ठरवावी लागते. धडा संपल्यावर ‘आता याचं छान चित्र काढा’ असं सांगितलं, तर ते जादा काम होतं आणि अभ्यासक्रम मागे पडणारच. चित्र काढता काढताच मुलं धडा शिकत असतील, तर वेगळा तास लागत नाही. मी प्राथमिकला शिकवते. उपक्रम ठरवताना स्वतःला विचारते, यातली कला वगळली तर मुलांना विषय कमी समजेल का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तो उपक्रम मी त्या तासाला घेत नाही.

मुंगीचंच बघा. कीटकांचा धडा उघडण्याआधी मुलांना आठवणीतून मुंगी काढायला सांगा. कुणी चार पाय काढतं, कुणी आठ. सहा काढणाऱ्यांतलीही बरीच मुलं ते मागच्या फुगीर भागाला जोडतात. मग भिंगातून खरी मुंगी दाखवा आणि पहिल्या चित्राशेजारी दुसरं काढू द्या. डोकं, वक्ष, उदर असे तीन भाग आहेत आणि सगळे पाय वक्षापासून निघतात, हे आता मुलंच तुम्हाला सांगतील. ‘मुंगीला सहा पाय असतात’ हे वाक्य पाठ करून लिहिता येतं. चित्रात मात्र प्रत्येक पाय कुठेतरी जोडावाच लागतो. कुणाला काय समजलं नाही, हे मला वहीतल्या उत्तरांपेक्षा अशा चित्रांतून लवकर दिसतं.

फक्त फळ्यावर नमुना काढू नका, ही कळकळीची विनंती. नमुना दिसला की मुलं मुंगीकडे बघायची थांबतात, फळ्याकडे बघू लागतात.

गणितात कागद दुमडणं फार उपयोगी पडतं. सारख्या लांबीच्या पट्ट्या द्या. एक दुमडून चार समान भाग करायचे, दुसरीचे तीन. चार भाग सहज होतात, तीनसाठी मात्र खटपट करावी लागते आणि त्या खटपटीतच ‘समान भाग’ म्हणजे काय ते कळतं. चार हा आकडा मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठा वाटणारी मुलं दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघतात, तेव्हा मला वेगळं समजवावं लागत नाही. थोड्या मोठ्या मुलांना चौकटीच्या कागदावर 24 चौकटींचे वेगवेगळे आयत रंगवायला द्या. 6×4 ची परिमिती 20 येते, 8×3 ची 22, 12×2 ची 28. क्षेत्रफळ तेच, कडा मात्र वाढत जाते! यावर वर्गात जी चर्चा होते, ती सूत्र लिहून दिल्यावर होत नाही.

चित्र काढल्याने लक्षात राहतं का, असं पालक विचारतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातील वॅम्स, मीड आणि फर्नांडिस यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द जास्त आठवले. चित्र किती सुबक आहे याने विशेष फरक पडला नाही. ते प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होते, त्यामुळे लहान मुलांबद्दलचा पुरावा म्हणून मी ते सांगत नाही. पण सुबकपणाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘मला चित्र येत नाही’ म्हणून मागे बसणारं मूल प्रत्येक वर्गात असतं, आणि आपण सुंदर चित्राला शाबासकी दिली की ते आणखी मागे सरकतं. म्हणून या चित्रांना गुण देऊ नका. ‘पानाच्या शिरा कडेपर्यंत जातात हे तू पाहिलंस’ असं नेमकं काहीतरी बोला. खोडरबरही त्या वेळेपुरता बाजूला ठेवायला सांगते मी, नाहीतर अर्धा तास पुसण्यात जातो.

सगळे विषय एकदम हाती घेऊ नका. पुढच्या आठवड्यातला असा एकच धडा निवडा, जिथे मुलं दरवर्षी अडखळतात. पेन्सिल, कोरा कागद आणि पंधरा मिनिटं एवढ्यावर सुरुवात होते.