गच्चीवरच्या एसीच्या आउटडोअरची कॉइल घरच्या घरी साफ करता येते का? काय काळजी घ्यावी?

तुमचं पंचवटीत दुमजली घर आहे, दीड टनाच्या स्प्लिट एसीचं आउटडोअर गच्चीवर आहे. सकाळ-रात्री एसी बरा चालतो, पण दुपारी दोननंतर खोली थंडच होत नाही. मेकॅनिकने फोनवरच ‘गॅस भरावा लागेल’ सांगितलं, आणि तुम्हाला वाटतंय की आधी कॉइल धुऊन बघावी. बरोबर वाटतंय. जरूर धुवा, पण बाहेरून. पत्रा खोलून आत हात घालायचं काम तुमचं नाही. मी आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून नाशिकमध्ये हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी गॅसचं बोलू, कारण तिथेच लोकांचे पैसे जातात. एसीतला गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघूनच जाणार. गॅस खरंच कमी असेल तर सकाळीही गारवा कमीच लागतो. आउटडोअरच्या बारीक नळीवर किंवा इनडोअरच्या कॉइलवर बर्फ धरतो, नळीच्या जोडापाशी तेलकट डाग दिसतो. यातलं काही नसेल आणि एसी फक्त भर उन्हात मान टाकत असेल, तर पहिला संशय बाहेरच्या कॉइलवर घ्यावा.

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलतो. कॉम्प्रेसरची स्वतःची दीडेक किलोवॅट त्यात मिळते आणि हे सगळं बाहेरच्या कॉइलच्या त्या एका जाळीतून बाहेर पडायचं असतं. जाळीतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्त्यांमध्ये (फिन्समध्ये) धूळ बसली की हवा जात नाही, आतला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि तापलेल्या स्लॅबलगतची हवा त्याहून गरम असते. तीच हवा पंखा ओढत असतो. म्हणून सकाळी निभावून जातं आणि दुपारी जात नाही.

नाशिकची घाण सगळीकडे सारखी नसते. अंबड-सातपूरकडे कारखान्यांची काळी, चिकट धूळ बसते, ती नुसत्या पाण्याने हलत नाही. गावात जुन्या वाड्यांच्या आसपास कबुतरं. संक्रांतीनंतर गच्च्यांवर मांजा पडलेला असतो आणि तो आउटडोअरच्या पंख्याच्या शाफ्टला गुंडाळला जातो. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी फेब्रुवारीत मी तो शाफ्टवरून कापून काढतच असतो. पंखा जड फिरतो, मोटर तापते, आणि घरच्यांना वाटतं कॉइल खराब झाली. मखमलाबाद, आडगावकडे बागेच्या कडेला घर असेल तर आणखी एक गोष्ट बघा. द्राक्षावर मोरचूद-चुन्याची फवारणी होते. त्यातलं तांबं ॲल्युमिनियमला खातं. अशा एका बंगल्यावर बागेकडच्या बाजूच्या पत्त्या पांढरट पडल्या होत्या, बोट लावलं की भुगा हातात येत होता. दुसरी बाजू मात्र ठणठणीत. तिथे छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या की दर काही आठवड्यांनी साध्या पाण्याने कॉइल धुणं हाच उपाय आहे.

आता जिवाचा प्रश्न. रिमोटने एसी बंद केला तरी आउटडोअरपर्यंत २३० व्होल्ट पोचत असू शकतात. भिंतीतला प्लग काढा, एमसीबी पाडा, गच्चीवर वेगळा स्विच असेल तर तोही बंद करा. एमसीबीवर चिकटपट्टी लावून ‘वर काम चालू आहे’ असं लिहा आणि रिमोट खिशात ठेवा. तुम्ही वर असताना खालून कुणीतरी सहज स्विच टाकतं, हा या कामातला सर्वांत नेहमीचा धोका आहे. इन्व्हर्टर एसीच्या आत कपॅसिटर असतात, त्यांत वीज बंद केल्यावरही काही मिनिटं ३०० व्होल्टच्या वर दाब टिकतो. म्हणून पॅनल उघडू नका म्हणतो, आणि बाहेरून धुतानाही बंद केल्यावर किमान पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात कॉइलही निवते. एरवी युनिटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर पाणी मारायचा विचारच सोडा, आधी वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या.

गच्चीवरून पडण्याचा धोकाही तेवढाच. आउटडोअर कठड्यापासून आत, सपाट स्लॅबवर असेल तरच हात घाला. जिन्यावरच्या छपरावर, पाण्याच्या टाकीशेजारी किंवा कठड्याबाहेर ब्रॅकेटवर असेल तर ते तुमचं काम नाही. तिथे पट्टा-दोर असलेला माणूसच हवा. सिमेंटच्या किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यावर तर कुणीच पाय ठेवू नये. सकाळी नऊच्या आत काम उरका, कुणाला तरी सोबत घ्या, चप्पल नको, घसरणार नाही असा बूट घाला. साबणाच्या पाण्याने गच्ची फार निसरडी होते.

धुण्याआधी जाळी कोरडी झाडा. रंगकामाचा पाच इंची मऊ ब्रश घ्या आणि पत्त्यांच्या दिशेने, वरून खाली फिरवा. आडवा फिरवलात तर पत्त्या वाकतील, कारण त्यांची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. कडा ब्लेडसारख्या लागतात, हातमोजे घाला. कबुतराची विष्ठा असेल तर कोरडी खरवडू नका. ती धूळ फुप्फुसात गेली तर दुखणं मागे लागतं. मास्क लावून आधी हलकेच पाणी शिंपडा, भिजू द्या, मग काढा.

मग बागेचा साधा पाइप. अंगठा दाबून धार करायची नाही, मोकळं पाणी वरून खाली सोडत जायचं. चिकट मळ असेल तर बादलीभर पाण्यात थोडा शाम्पू किंवा भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण घाला, ते कॉइलवर ओता, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. टॉयलेट क्लीनर, ॲसिड, धुण्याचा सोडा यातलं काहीही नको. ॲसिड टाकलं की फेस येतो, कॉइल चकाकते आणि लोक खूष होतात, पण तो फेस म्हणजे ॲल्युमिनियम विरघळत असतं. निळ्या किंवा सोनेरी पत्त्या असतील तर त्यांवरचा संरक्षक थरही त्यात जातो. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटची धार नळाच्या पाण्याची द्या, नाहीतर पत्त्यांवर पांढरे क्षार बसतात. ज्या बाजूला वायरी जातात तिथे आणि पंख्याच्या मोटरवर पाणी नको.

मागची आणि एका बाजूची जाळी हवा आत घेते, पुढचा पंखा बाहेर फेकतो. म्हणजे मळ बाहेरून आत खेचला गेलेला असतो आणि खरी धुलाई आतून बाहेर करावी लागते. त्यासाठी वरचं झाकण काढावं लागतं, म्हणून ते काम मेकॅनिकचं. तुम्ही धुतल्यावर वीज बंदच असताना संध्याकाळी पंख्याच्या जाळीतून आत टॉर्च मारा आणि मागून बघा. पत्त्यांमधून सगळीकडे उजेड दिसला तर काम झालं. मोठे काळे पट्टे दिसले तर मेकॅनिकला बोलवा.

तो आला की समोर उभे राहा. गाड्या धुतात तसला जेट पंप जवळून मारायला लागला तर थांबवा. एका फटक्यात पत्त्या झोपतात, मग हवा जाणं आधीपेक्षाही कमी होतं. थोड्या वाकलेल्या असतील तर फिन कोंबने (पत्त्या सरळ करायच्या कंगव्याने) उभ्या करता येतात, त्याच्याकडे तो आहे का विचारा. युनिटच्या प्लेटवर गॅसचं नाव वाचा. आर-३२ असेल तर तो पेट घेऊ शकतो, आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. अशा युनिटवर गळतीचा संशय असताना बिडी-काडी, गॅस टॉर्चची ज्योत, वेल्डिंग काहीही जवळ येता कामा नये.

पूर्ण निथळून सुकू द्या, दोन-तीन तास तरी, मगच एमसीबी चढवा. पावसाळ्यात आउटडोअरला ताडपत्रीत गुंडाळून ठेवायची पद्धत मला पटत नाही. ओल आत कोंडते आणि उंदीर घर करून वायरी कुरतडतात. वर छोटा पत्रा ठेवा, बाजू मोकळ्या सोडा.

आणि तो मेकॅनिक अजूनही गॅसच म्हणत असेल, तर त्याला भर दुपारी बोलवा आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावायला सांगा. धुतल्यावरचा करंट आणि प्लेटवरचा रेटेड करंट शेजारी लिहून घ्या, सक्शनचा दाबही (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) विचारा. दाब खरंच पडलेला असेल तर आधी साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासून गळती दाखवायला लावा, मग गॅसचे पैसे द्या.