लाईटचा भरवसा नाही? मग गेम निवडताना आधी ‘सेव्ह’ बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: परभणीकडचं गाव, 8 जीबी रॅमचा लॅपटॉप, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बॅटरी जेमतेम अर्धा तास टिकते, मोबाइलचं नेट दिवसाला 2 जीबी, आणि लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. सध्या तुम्ही लोक काय खेळताय, आणि त्यातलं माझ्याकडे काय चालेल?

‘चालेल का’ हे सगळेच विचारतात. पण ग्राफिक्स कमी करून, रिझोल्यूशन 1366 बाय 768 वर आणून निम्म्याहून जास्त गेम कसेबसे चालतातच. आपल्याकडे खरं विचारायचं ते हे, की लाईट गेली आणि लॅपटॉप मेला तर किती खेळ वाया जाईल? काही गेम दर खोलीला सेव्ह करतात, काही दिवस संपल्यावर, काही ठरावीक जागी पोचल्यावरच. सध्या खेळण्यात असलेले गेम मी याच हिशोबाने लावतो.

सगळ्यात निर्धास्त म्हणजे पत्त्यांचे गेम. ‘स्ले द स्पायर’ साधारण 1 जीबीचा आहे आणि प्रत्येक खोलीत शिरताना सेव्ह होतो. लढाईच्या मध्येच लॅपटॉप बंद पडला तर तीच लढाई पहिल्यापासून, त्याच क्रमाने येणाऱ्या पत्त्यांसह पुन्हा मिळते. हरत आलेल्या लढाईत लाईट गेली तर उलट फायदाच म्हणायचा. सुरुवात आयर्नक्लॅडने करा. हा गेममधला पहिला योद्धा: 80 हेल्थ, गठ्ठ्यात 10 पत्ते (पाच स्ट्राइक म्हणजे वार, चार डिफेंड म्हणजे बचाव, एक बॅश), आणि दर लढाईनंतर 6 हेल्थ आपोआप परत. नवा माणूस हरतो तो बहुतेक एकाच कारणाने. लढाई जिंकली की पत्ता मिळतो, तो दर वेळी घ्यायचाच असं त्याला वाटतं. दर फेरीला हातात पाचच पत्ते येतात आणि खर्चायला एनर्जी फक्त 3. गठ्ठा तिशीच्या पुढे गेला की कामाचा पत्ता वेळेवर येतच नाही. ‘स्किप’ दाबायला शिका. दुकानात पहिला पत्ता काढून टाकायला 75 सोनं लागतं, पुढे दर वेळी 25 ने वाढतं. त्यात आधी स्ट्राइक काढा, कारण पुढे त्यांच्यापेक्षा चांगले वार मिळत जातात. पहिल्या टप्प्यात (अ‍ॅक्ट 1) ग्रेमलिन नॉब नावाचा धटिंगण भेटतो. तो एकदा चिडला की तुम्ही खेळलेल्या प्रत्येक ‘स्किल’ पत्त्याला त्याची ताकद 2 ने वाढते. म्हणजे डिफेंड खेळून आपणच त्याला पोसतो. त्याच्यासमोर मार खाल्ला तरी चालेल, पण वारच करायचे, आणि त्यासाठी सुरुवातीच्या दोन-तीन लढायांतून वाराचे पत्ते उचलून ठेवायचे.

‘बलात्रो’ 2024 च्या फेब्रुवारीत आला. दीडेकशे एमबीचा गेम, कुठल्याही डब्यावर चालतो, फेरी अर्धवट राहिली तरी पुढे चालू होते. पोकरचा आधार आहे, पण पैसे लावायचा प्रकार नाही. हिशोब मात्र पक्का लागतो. पहिल्या फेरीला 300 गुण हवेत. पाचही पानं बदामाची, समजा राजा, राणी, नव्वी, सत्ती आणि चौकी, अशी लावली तर पानांचे 40, एकाच रंगाच्या पाच पानांचे 35, आणि बेरजेला 4 ने गुणायचं: बरोबर 300, एका हातात फेरी खलास. जोकर (गुण वाढवणारे खास पत्ते) डावीकडून उजवीकडे लागू होतात, ही गोष्ट कितीतरी जणांच्या लक्षात येत नाही. ‘अधिक 4’ वाला डावीकडे आणि ‘गुणिले 2’ वाला उजवीकडे ठेवला तर 4 चे 8 होऊन पुढे 16 होतात. उलटे ठेवले तर 8 अधिक 4, फक्त 12. आणि दुकानात सगळे पैसे उधळू नका. गेममधल्या शिल्लक दर 5 डॉलरला 1 डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त 5. म्हणजे 25 शिल्लक राखली की पुरे, त्यावरचे खुशाल खर्चा.

आता ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला, 2016 चा शेतीचा गेम, जागा लागते सुमारे 500 एमबी. शेतीचा गेम म्हणून आपल्याकडे लोक आधी नाक मुरडतात, दिवसभर तेच करून संध्याकाळी पुन्हा तेच कशाला म्हणून. पण हिशोबाची सवय असलेल्या माणसाला यात जास्त मजा येते. हा फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. एक दिवस म्हणजे आपली साधारण 14 मिनिटं, त्यामुळे लाईट गेली तर नुकसान फार तर तेवढंच. बॅटरी उतरत आली की संध्याकाळचे सहा असले तरी पात्राला झोपवा. झोपायला रात्र व्हावी लागत नाही. दोनपर्यंत मात्र जागू नका, पात्र बेशुद्ध पडतं आणि पैसेही जातात.

सुरुवातीला 500 सोनं आणि पार्सनिपची (गाजरासारखं कंद) 15 बियाणी मिळतात. पार्सनिपचं बी 20 ला, 4 दिवसांत 35 चं पीक. बटाटा 50 ला, 6 दिवसांत 80, कधी एका झाडाला जास्तीचा बटाटाही निघतो. फुलकोबी 80 ला, 12 दिवसांत 175. फुलकोबीत झाडामागे नफा जास्त, पण पैसा बारा दिवस अडकून पडतो. म्हणून पहिल्या आठवड्यात पार्सनिप आणि बटाटा, हात मोकळा झाला की फुलकोबी. फसतं ते इथे: ताकद 270 असते, एक चौकोन खणायला 2 जाते आणि पाणी घालायला 2. एकाच दिवशी 60 झाडांचा वाफा धरला तर 240 तिथेच संपली. मग ना लाकूड तोडता येत ना खाणीत जाता येत. तीस-चाळीस झाडांवर थांबा. बुजगावणं आठ चौकोनांपर्यंतच राखण करतं, त्यापलीकडे कावळे येतातच. हंगाम 28 दिवसांचा, आणि हंगाम बदलला की बहुतेक उभं पीक वाळून जातं. त्यामुळे 20 तारखेला फुलकोबी लावणं म्हणजे बियाण्याचे पैसे मातीत.

झारी तांब्याची करून घ्यायला 2000 सोनं आणि तांब्याच्या 5 कांड्या लागतात, आणि लोहार ती दोन दिवस ठेवून घेतो. मधल्या दिवशी पाणी कोण घालणार? रोज सकाळी टीव्हीवर उद्याचं हवामान बघा. उद्या पाऊस असेल तर आज सगळ्यांना पाणी घालून दुपारी चारच्या आत झारी लोहाराकडे टाकायची. उद्याचं पावसावर निभतं, परवा सकाळी नऊला झारी हातात. गेममधला अंदाज खरा ठरतो, यावर आपल्या माणसाचा विश्वास बसायला जरा वेळ लागतो!

वसंताच्या 13 तारखेला जत्रेत स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, 100 ला एक. लोक जत्रेहून रात्री परतल्यावर घाईघाईने लावत बसतात. त्याची गरज नाही. स्ट्रॉबेरीला 8 दिवस लागतात आणि पुढे दर 4 दिवसांनी तोडा. 16 तारखेपर्यंत लावली तरी दोन तोडे मिळतातच, म्हणजे झाडामागे 240 चा माल. पण तेच बी पेटीत ठेवून पुढच्या वसंताच्या 1 तारखेला लावलं तर पाच तोडे निघतात. पैसा असेल तर थोडं आता लावा, बाकीचं राखा.

एक धोका सांगून ठेवतो. नेमकं सेव्ह होत असतानाच लाईट गेली तर फाइल खराब होऊ शकते. घाबरून नवं शेत सुरू करू नका. सेव्हच्या फोल्डरमध्ये आदल्या दिवसाच्या दोन फाइली असतात, नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि ‘ओल्ड’ लिहिलेल्या. आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा, मग खराब झालेल्या दोन फाइली काढून टाका आणि ‘ओल्ड’ फाइलींच्या नावातला तो शेवटचा भाग पुसा. एक दिवस मागे जाल, बाकी सगळं जागेवर.

मारधाड हवी असेल तर ‘हेडीज’. प्रत्येक दालनाच्या सुरुवातीला सेव्ह, म्हणजे नुकसान दोन-तीन मिनिटांचं. जड जात असेल तर सेटिंगमधला ‘गॉड मोड’ बेलाशक चालू करा: सुरुवातीला मार 20 टक्के कमी लागतो, दर मरणाला 2 टक्के वाढत 80 पर्यंत जातो. कथा पुढे सरकायला मरावंच लागतं, त्यामुळे यात कमीपणा काही नाही. जागा मात्र 15 जीबी.

‘हॉलो नाइट’ (भुयारी जग शोधत लढायचा गेम) या सगळ्यांत आपल्या परिस्थितीला सर्वांत कमी जुळतो, आणि तरीही तो घ्या म्हणेन. बंद पडून परत उघडला की तुम्ही शेवटच्या बाकावर, म्हणजे जिथे बसून शेवटचा सेव्ह केला तिथे. त्यामुळे बॅटरीवर नवा भाग शोधायला निघू नका, लाईट असतानाच निघा. पहिले पैसे लेखणी आणि कंपास यांवर घाला, 120 आणि 220 जिओ (गेममधलं चलन). लेखणीशिवाय नकाशा पुढे भरत नाही, आणि भरतो तोही बाकावर बसल्यावरच. कंपासशिवाय आपण नेमके कुठे आहोत ते दिसत नाही. मेलात तर पैसे तुमच्या सावलीपाशी राहतात, आणि ते घ्यायच्या आधी पुन्हा मेलात तर गेले. तीन वार लागले की एक मास्क (हेल्थचा एक ठिपका) भरण्याइतका ‘सोल’ जमतो, हे गणित डोक्यात ठेवून लढा. 2025 च्या सप्टेंबरमध्ये आलेला त्याचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ बराच अवघड आहे, तिथून सुरुवात करू नका.

पुण्यात बनलेला ‘राजी’ बद्दलही काहींनी विचारलंय. चित्रकाम आणि वास्तू बघत राहाव्यात अशा. पण कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळे उड्यांचे अंदाज चुकतात, आणि शेवट तुटक वाटतो. तुमच्या लॅपटॉपला तो जडही जाईल.

पैसे घालण्याआधी हे लक्षात ठेवा, की स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर लावून बघायची सोय. डाउनलोड मध्येच थांबलं तर पुढे तिथूनच चालू होतं, तेव्हा ‘हॉलो नाइट’ पाच-सहा रात्रींत उतरवायला हरकत नाही. विंडोजमध्ये ते नेट ‘मीटर्ड’ करून ठेवा, नाहीतर विंडोजचे अपडेटच 2 जीबी गिळतील. मित्राकडे तोच गेम असेल तर दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर घेऊन स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमधलं लोकल नेटवर्कवरून फाइली घेण्याचं चालू करा. गेम तुम्ही विकत घेतलेला हवाच, पण जीबी वाचतात. नेट नसताना खेळायचं तर गेम एकदा ऑनलाइन उघडून मगच ऑफलाइन मोडमध्ये जा. पुढे नेट आल्यावर स्टीम विचारेल, क्लाउडचा सेव्ह ठेवू की लॅपटॉपचा. घाईत क्लाउड दाबू नका, दोन्हींची तारीख-वेळ बघा.

गेम अडकत चालला तर कधी अडकतो ते पाहा. पहिल्यापासूनच अडकतो, तर ग्राफिक्सला झेपत नाही. रॅमची एकच कांडी असेल तर दुसरी लावा, अंगच्या ग्राफिक्सला दोन कांड्यांचा फरक चांगलाच जाणवतो. फक्त नव्या जागेत शिरताना अडकतो, तर जुनी हार्ड डिस्क, एसएसडी टाका. दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग अडकतो, तर उष्णता. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हेच जास्त. पंख्यातली धूळ काढा, मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला, गादीवर ठेवू नका, फ्रेम सेकंदाला 30 किंवा 60 वर बांधा. पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के केली तर टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि तापमान झटकन उतरतं. या गेमना तेवढा वेग पुरतो. कूलरच्या तोंडासमोर मात्र लॅपटॉप ठेवू नका, ओल आणि तुषार आत जातात.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर बहुधा ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं बटण असतं. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर ठेवा, नाहीतर लाईट जाताच तो रीस्टार्ट होतो. पण व्होल्टेज सारखं 180 च्या खाली जात असेल तर यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर लाईट असूनही बॅटरीवर जातो आणि रात्रीपर्यंत बॅटरी रिकामी होते. तुमच्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, अर्धा तास का होईना, तेव्हा ‘नॉर्मल’च बरं.