दोन पेगनंतर हात ‘स्थिर’ होतो?

प्रश्न : आमचे हे 51 वर्षांचे आहेत. दर शनिवारी राऊला मित्राकडे कॅरम आणि दोन मोठे पेग, मग रात्री स्कूटरवरून राजेंद्रनगरला घरी. काही म्हटलं की उत्तर ठरलेलं : “घेतल्यावर माझा हात उलट स्थिर होतो, क्वीन एका फटक्यात जाते. अपने को कुछ नहीं होता!” बोलणं खरंच स्वच्छ असतं, तोलही जात नाही. मी उगाच घाबरते का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. यजमान खोटं बोलत नाहीत, त्यांना मनापासून तसं वाटतं, आणि मला काळजी त्याचीच आहे. दारूने आधी सैल होतो तो मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे आवर घालणारा, स्वतःच्या चुका तपासणारा. पाय अडखळणं, जीभ जड होणं हे लहान मेंदूचं काम बिघडल्यावर, बहुधा जास्त मात्रेला दिसतं. तोवर चुका सुरू झालेल्या असतात.

मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. एका रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर पाहून आल्यावर माझे दीर असंच म्हणाले. पहिला पेग भरण्याआधीच मी 30 सेंटिमीटरची पट्टी आणली. पट्टी वरून सोडायची, त्यांनी दोन बोटांत पकडायची. 16 सेंटिमीटरवर पकडली. दोन पेगनंतर 20 वर. “एवढंच?” म्हणून हसले. खरंच, फरक सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा. मग मी म्हटलं, आता 100 मधून सात-सात वजा करत मोठ्याने बोला आणि पट्टीही पकडा. आधी हेही त्यांना जमलं होतं. आता पट्टी दोनदा थेट जमिनीवर. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “वहिनी, तुम्ही न सांगता सोडलीत!” न सांगता तर मी आधीही सोडत होते.

कॅरममध्ये सोंगटी जागची हलत नाही, आणि हाताला वर्षांची सवय असते. रस्त्यावर ट्रकचे दिवे, आरसा, मध्येच येणारं कुत्रं, सगळं एकदम सांभाळायचं असतं. लक्ष असं वाटून देणं थोड्या दारूनेही बिघडतं. ताशी 40 किलोमीटर वेगाने स्कूटर एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते.

60 मिलिलिटरच्या एका पेगात साधारण 20 ग्रॅम अल्कोहोल असतं. 70 किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी तो भरभर घेतला, तर 100 मिलिलिटर रक्तात अल्कोहोल सुमारे 40 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा आहे 30. यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅम कमी करतं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. दारू उतरताना तर माणसाला ताळ्यावर आल्यासारखं लवकर वाटतं, रक्तात मात्र ती असतेच.

रात्री वाद घालू नका, तो ऐकणारा भाग तेव्हा जागेवर नसतो. शनिवारी सकाळी बोला. जाताना ऑटोने जा, स्कूटर घरीच राहू दे. पट्टीचा खेळ दाखवायला हरकत नाही, पण पट्टी पकडता आली म्हणजे गाडी चालवायला परवानगी मिळाली, असं मात्र मुळीच नाही.

आता त्यांच्या ‘स्थिर’ हाताविषयी. एरवी चहाचा कप धरताना त्यांचा हात कापतो का, तेवढं पाहा. घराण्यात चालत आलेला एक कंप असतो, तो थोड्या दारूने तात्पुरता कमी होतो. त्यावर औषधं आहेत. पण सकाळी हात थरथरत असेल, घाम येत असेल आणि घेतल्यावरच बरं वाटत असेल, तर पिणं शनिवारपुरतं उरलेलं नाही. तसं असेल तर एकदम बंद करायला लावू नका, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांकडे न्या आणि किती, कधीपासून, हे तिथे खरं सांगा.