पहिला कनेक्टर जोडताना
आपण मनुष्यबळ विभागाच्या सॉफ्टवेअरमधील नोंदी कनेक्टरने (दोन प्रणालींना जोडणाऱ्या दुव्याने) लेखा विभागाच्या प्रणालीत आणू पाहत आहात, तर सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

जोडणी स्वतःच्या खात्यावर न करता सर्व्हिस अकाउंटवर (कुणा व्यक्तीचे नसलेल्या, फक्त प्रणालीसाठीच्या खात्यावर) करा. नागपुरात मिहानमधील आमच्या कार्यालयात एका सहकाऱ्याने नोकरी सोडताच त्याचे खाते बंद झाले, त्यासोबत रात्रीचे डेटा हस्तांतरणही थांबले आणि हे आम्हाला कळले ते थेट पगाराच्या आठवड्यात. परवानगी फक्त वाचण्याची मागा. ओऑथ २.० मध्ये (पासवर्ड न देता एका प्रणालीला दुसरीत प्रवेश देण्याच्या पद्धतीत) रीडायरेक्टचा पत्ता, म्हणजे परवानगी दिल्यावर जिथे परत पाठवले जाते तो पत्ता, आधी नोंदवलेल्या पत्त्याशी अक्षरशः जुळावा लागतो. शेवटची एक तिरपी रेघ राहिली तरी विनंती नाकारली जाऊ शकते, आणि नवखा माणूस मात्र पासवर्डच तपासत बसतो (मीही बसलो होतो). क्लायंट सिक्रेट (जोडणीची गुप्त किल्ली) ईमेलने पाठवू नका.

वेबहुक (नोंद बदलताच दुसऱ्या प्रणालीला आपोआप जाणारी सूचना) सध्या बाजूला ठेवा. आधी चाचणी खात्यात दहा नोंदी नीट उतरू द्या.